‘अले’ या शब्दात झाडं नाहीत

दुतर्फा झाडी असलेली वाट म्हणजे ‘अले’ (allée), असा या फ्रेंच शब्दाचा अर्थ सांगितला जातो. तो बागांपुरता बरोबर आहे, पण फ्रेंचमध्ये हा शब्द झाडांना बांधलेला नाही. ‘जाणे’ या क्रियापदावरून तो आला आहे, त्यामुळे सुपरमार्केटमधल्या दोन रॅकांमधली वाटही अलेच. झाडं जोडली ती बागांनी. पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेतली ‘अले रॉयाल’ बघा: 335 मीटर लांब, 40 मीटर रुंद, मधोमध हिरवळ, कडेला पुतळे आणि मागे झाडी.

अशा अलेचं सगळं सौंदर्य झाडं एकाच वयाची आणि उंचीची असण्यात आहे, म्हणून ती म्हातारीही एकदमच होतात. व्हर्सायमध्ये 1774-75 च्या हिवाळ्यात सोळाव्या लुईच्या हुकमाने जुनी झाडं सरसकट तोडून नवी लावली. चित्रकार ह्यूबेर रोबेरने ती तोड रंगवून ठेवली आहे, चित्रं जरूर शोधून पाहा.

आणखी एक, फ्रेंच मजकुरात ‘अले कूव्हेर्त’ दिसलं तर संदर्भ तपासा. बागेत ती फांद्यांनी झाकलेली वाट असते, पण फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या पुरातत्त्वात तेच नाव नवाश्मयुगीन दगडी दफनगृहाला आहे.