बर्माची तूर आणि तिथलं लष्करी सरकार: करार नेमका कुणाशी करतोय आपण?

देवणी_शिवार:

नमस्कार मंडळी. मी देवणी तालुक्यातला. घरची कोरडवाहू शेती, सोयाबीनमध्ये तुरीचे पट्टे. परवा उदगीरच्या मोंढ्यात तूर घातली. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8000 रुपये, आणि माझ्या पट्टीवरचा भाव त्याच्या खाली. आडत्याला विचारलं तर दरवर्षीचंच उत्तर मिळालं, "बर्माचा माल येतोय ना." म्हणून या खेपेला बर्माचं, म्हणजे आजच्या म्यानमारचं प्रकरण मुळापासून वाचून काढलं.

2017 च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारनं तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. 15 मे 2021 ला ती उठवली. त्याच वर्षी जूनमध्ये म्यानमारबरोबर सामंजस्य करार झाला. वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि 1 लाख टन तूर, खासगी व्यापाऱ्यांमार्फत, 2025-26 पर्यंत. आता मधली तारीख बघा. 1 फेब्रुवारी 2021 ला तिथल्या लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं. नोव्हेंबर 2020 च्या निवडणुकीत आंग सान स्यू ची यांच्या पक्षाला लोकांनी भरभरून मतं दिली होती. सेनापती मिन आंग ह्लाइंग म्हणाले मतदानात घोटाळा झाला, आणि संसद भरायच्या दिवशीच सगळ्यांना उचललं. म्हणजे सत्तापालट होऊन पाच महिनेही झाले नव्हते तेव्हा आपण सही केली.

ही तूर पिकते कुठं तर सगाईंग, मगवे, मंडाले या कमी पावसाच्या पट्ट्यात. लष्कराला सगळ्यात जास्त विरोधही तिथंच झालाय. 11 एप्रिल 2023 ला सगाईंगमधल्या पाझीजी गावात लोक जमले असताना विमानानं बॉम्ब टाकले, शंभरावर माणसं मेली, लेकरंसुद्धा. आपल्यासारखीच कोरडवाहू तूर पेरणारी ही माणसं.

28 डिसेंबर 2025 पासून तिथं टप्प्याटप्प्यानं मतदान घेतलं. पण तेव्हा स्यू ची तुरुंगात होत्या, त्यांचा पक्ष 2023 मध्येच बरखास्त केलेला, आणि देशाच्या मोठ्या भागात मतदानच झालं नाही.

आपला करार 2025-26 पर्यंतचाच. मतांनी आलेलं सरकार मोडून बसलेल्या लोकांशी आपण धान्याचा पुढचा करार करावा का? केला तर कोणत्या अटींवर? आणि हे ठरवतं कोण? असे करार आपल्याकडं संसदेच्या मंजुरीला जात नाहीत, सरकार परस्पर सही करतं. माझ्या पट्टीवरचा भाव ज्या कागदानं हलतो, त्यावर माझ्या खासदाराला मत देता येत नाही, हे मला फार लागतं.

गंजगोलाई:

दादा, मी लातूरच्या एका दालमिलात खरेदी बघतो. सकाळी सौदे निघायच्या आधी आम्ही मुंबई-चेन्नईला फोन लावतो आणि 'लेमन' काय भाव निघाली ते विचारतो. लेमन म्हणजे बर्माची तूर. त्या आकड्यावरून आपल्या पांढऱ्या-लाल तुरीची बोली कुठवर न्यायची ते मनात ठरतं. मग लेमनचं एक पोतंही गावात उतरलेलं नसलं तरी चालतं. तेव्हा तुमचा आडत्या खोटं बोलला नाही.

पण अर्धंच बोलला. तूर मोझांबिक, टांझानिया, मलावीहूनही येते आणि भरपूर येते. 2015 ला डाळ 200 रुपये किलोच्या घरात गेली, तेव्हा पुढच्या वर्षी मोझांबिकशी करार झाला. इकडं शेतकऱ्यानं चढा भाव बघून तूर पेरली आणि 2017 ला खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून ट्रॅक्टर उभे राहिले. 2025-26 मध्येही तुरीची आयात शुल्काशिवाय चालू होती, मुदत 31 मार्च 2026 पर्यंत. भाव दबतो तो मुख्यतः यानं. बर्माच्या एक लाख टनांनी सगळा बाजार पडत नाही. उडदाचं मात्र वेगळं, तिथं आपण बर्मावर फार अवलंबून आहोत. आपला उडीद काढणीच्या पावसात काळा पडला की मिलला त्यांच्याशिवाय इलाज नसतो.

आणखी एक सांगतो. बर्मातले लोक तूर खात नाहीत म्हटलं तरी चालेल, ती आपल्यासाठीच पेरतात. 2017 ला आपण दार लावलं तेव्हा त्यांच्या तुरीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. लष्करानं 2022 मध्ये हुकूम काढला की निर्यातदारानं मिळालेले डॉलर सरकारी दरानं त्यांच्या क्यात या चलनात बदलावेत, आणि तो दर बाजारापेक्षा पार खाली. मधला फरक शेवटी त्या शेतकऱ्याच्या भावातूनच वळता होतो. म्हणून खरेदीच बंद करा म्हणाल तर पहिला मरेल तो सगाईंगचा शेतकरी, सेनापती नाही. अट घालायची तर पैशाच्या वाटेवर घाला. रुपया-क्यात व्यवहार आता सुरू झालाय, त्यात पैसा कुणाच्या हातातून जातो ते सरकारनं उघड सांगावं.

कंधार_हवालदार:

मी आसाम रायफल्समध्ये होतो. मिझोराम आणि मणिपूर दोन्हीकडं नोकरी झाली. डाळीचं मला कळत नाही, सरहद्दीचं सांगतो.

आपली म्यानमारशी सीमा 1643 किलोमीटर. डोंगर, बांबू, आणि पावसाळ्यात पायाखालची वाट वाहून जाते. मिझोरामच्या झोखावथारला तिआऊ नदी आहे, नदी कसली, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी. अलीकडं आपला बाजार, पलीकडं त्यांचा. दोन्हीकडची माणसं एकाच रक्ताची, लग्नंसुद्धा नदीपलीकडं होतात. 2021 ला लोक पळून यायला लागले तेव्हा दिल्लीचं पत्र आलं, येऊ देऊ नका. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना लिहून कळवलं की ही आमची भावकी आहे, आम्हाला डोळे मिटता येणार नाहीत. आणि थारा दिला. 2025 मध्ये तिथं 30 हजारांहून जास्त निर्वासित होते. निवडून आलेला मुख्यमंत्री परराष्ट्र धोरणात असं बोलू शकतो, हे मी तिथं शिकलो.

आता सुरक्षेचं. 4 जून 2015 ला मणिपूरच्या चंदेलमध्ये आपल्या लष्कराचे 18 जवान घात लावून मारले, मारणारे सीमेपलीकडच्या तळांवरून आले होते. दिल्ली लष्करी राजवटीशी बोलते ती या कारणानं, आणि ज्यानं तिथं पहारा दिलाय तो याला वाईट म्हणणार नाही. पण आज पलीकडं ती राजवट उरलीय कुठं? नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या चिन जमातीच्या लढवय्यांनी झोखावथारसमोरच्या लष्करी चौक्या घेतल्या, तेव्हा म्यानमारचे सैनिक जीव वाचवायला आपल्याकडं धावत आले आणि आपण त्यांना परत पाठवलं. जानेवारी 2024 मध्ये राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आराकान आर्मीनं पलेत्वा घेतलं. आपला कलादान प्रकल्प, म्हणजे कोलकात्याहून सित्वे बंदर, तिथून नदीनं पलेत्वा आणि पुढं रस्त्यानं मिझोराम, त्याच गावातून जातो. मिझोरामचे राज्यसभा खासदार के. वनलालवेना फेब्रुवारी 2024 मध्ये स्वतः पलीकडं जाऊन त्या लोकांशी बोलून आले. दिल्लीच्या करारावर सही नेपिडोची, म्हणजे म्यानमारच्या राजधानीची असते. सीमेवरचं गाव, रस्ता, नदी दुसऱ्याच्या ताब्यात असते. ज्याच्या ताब्यात वाट आहे त्याच्याशी बोलणं तोडून चालत नाही, ही पहाऱ्यावरची साधी गोष्ट.

अंबाजोगाई_मास्तर:

चर्चा चांगली चाललीय म्हणून लिहितो. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला.

देवणीकर, तुमचं गाव 1948 पर्यंत निजामाच्या बीदर जिल्ह्यात होतं. दिल्लीनं 29 नोव्हेंबर 1947 ला निजामाशी 'जैसे थे' करार केला, तेव्हा आपल्याला मताचा अधिकार नव्हता. पुढं सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली त्या वेळी स्वामी रामानंद तीर्थ निजामाच्या तुरुंगात होते. पण करार पाळत असतानाच निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांना सरहद्दीवरच्या कॅम्पांत जागा होती. उमरखेडला कॅम्प होता, चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला होता. राजाशी बोलणी आणि प्रजेच्या माणसांना थारा, दोन्ही एकाच वेळी चाललं.

चांद्याच्या कॅम्पात एक तरुण होता, पी. व्ही. नरसिंह राव. वंदे मातरम् चळवळीत विद्यापीठातून काढून टाकलेला. 1988 मध्ये बर्मात विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हा भारत उघडपणे त्यांच्या बाजूनं होता. आणि पंतप्रधान झाल्यावर याच रावांनी धोरण वळवलं. 1993 ला परराष्ट्र सचिव रंगूनला गेले, 1994 ला सीमाव्यापाराचा करार झाला, 1995 ला मणिपूरमधलं मोरेचं नाकं उघडलं. चीन तिथं रस्ते आणि शस्त्रं घेऊन शिरत होता, ईशान्येत बंडखोरी होती. त्यांना निजामाविरुद्धचे दिवस आठवत नव्हते असं मला वाटत नाही. पण वळताना प्रजेच्या माणसांशी असलेली वाट आपण अरुंद करत गेलो, आणि ती पुढच्या कुठल्याच सरकारनं रुंद केली नाही. माझा आक्षेप तेवढाच, पण तो ठाम आहे. संविधानातल्या कलमांचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे, करार करणं हा सरकारचा अधिकार. पण प्रश्न विचारायला खासदाराला कुणी अडवलेलं नाही.

देवणी_शिवार:

गुरुजी, नरसिंह रावांचं हे वळण मला माहीत नव्हतं, रात्री वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, उमरखेडच्या कॅम्पात आपल्या गावचीही माणसं होती.

गंजगोलाई भाऊ, तुमचं पटलं, खरेदी बंद करा असं मी म्हणणार नाही. पण शुल्कमुक्तीची मुदत आमच्या काढणीच्या तोंडावर वाढवतात, ती पेरणीच्या आधी जाहीर करायला काय हरकत आहे? जूनमध्ये कळलं तर मी तुरीचे पट्टे कमी करीन, करडईचा विचार करीन.

हवालदार काका, ज्यांच्या ताब्यात वाट आहे त्यांच्याशी बोलण्याचा मुद्दा मी खासदारांच्या पत्रात घालतोय. संसदेत विचारायला म्हणून मसुदा केलाय: म्यानमारबरोबरचा डाळीचा करार पुढं वाढवणार का, मागच्या पाच वर्षांत कराराप्रमाणे किती माल आला, पैसा कोणत्या बँकेतून गेला, आणि वाढवण्याआधी सभागृहात चर्चा होणार का. स्यू ची आणि बाकी राजबंद्यांच्या सुटकेबद्दल बोलणी झाली का, हेही विचारलंय. कलादानच्या रस्त्याचं काय लिहावं ते तुम्ही सांगा, तिथली जमीन तुम्ही बघितलीय. लातूरकडच्या आणखी कुणाला सही करायची असेल तर रविवारपर्यंत कळवा, सोमवारी पत्र घेऊन मीच जाणार आहे.