क्रूझवर आपल्याकडची वाईन न्यायची आहे – सांगली ते सिंगापूर, नेमकं कसं?

विश्रामबाग_सांगली

नमस्कार मंडळी. डिसेंबरात सिंगापूरहून सुटणारी रॉयल कॅरिबियनची चार रात्रींची क्रूझ बुक केली आहे. आम्ही चौघं, सगळे प्रौढ. आई-बाबांच्या लग्नाचा ४० वा वाढदिवस त्यातल्याच एका रात्री येतोय. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर बोटीवरची कुठलीतरी बाटली नको, आपल्या भागातली हवी, अशी इच्छा आहे. एक स्पार्कलिंग (बुडबुड्यांची वाईन) आणि एक रेड, एवढंच.

प्रश्न असे:
१) बोटीवर किती बाटल्या नेऊ देतात? पैसे पडतात का?
२) विमानात केबिनमध्ये की चेक-इन बॅगेत?
३) सिंगापूरला कस्टम्स अडवेल का?
४) गोव्यात स्वस्त मिळते म्हणून तिथून घ्यावी, की सांगली-मिरजेतूनच?
५) येताना पेनांग किंवा फुकेतला दोन बाटल्या घेतल्या तर चालतील का?

---

कृष्णाकाठ

दोन बाटल्यांत काही अडचण नाही, चौघांत आरामात बसतात. पण सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा: विमानाला बाटली चेक-इन बॅगेत लागते, बोटीला ती हातातल्या बॅगेत लागते. दोन्हींचा नियम एकमेकांच्या बरोबर उलटा आहे आणि बहुतेकांची गडबड इथेच होते.

विमानाचं आधी. केबिनमध्ये १०० मिलीवरचं द्रव नेता येत नाही, म्हणून घरून नेलेली बाटली चेक-इनमध्येच जाणार. २४ टक्क्यांपेक्षा कमी अल्कोहोलच्या पेयांवर हवाई सुरक्षेच्या नियमात लिटरची मर्यादा नाही. पाच लिटरची मर्यादा २४ ते ७० टक्क्यांच्या दारूला आहे. वाईन साधारण ११ ते १४.५ टक्क्यांत येते, त्यामुळे इथे तुम्हाला फक्त बॅगेचं वजन बघायचंय. साध्या वाईनची भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते, स्पार्कलिंगची काच जाड असल्यामुळे ती दीड किलोच्या वर जाते.

आता बोट. रॉयल कॅरिबियनवर मद्यपानाच्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलीची एक सीलबंद बाटली नेता येते. ती वाईन किंवा शॅम्पेनच हवी. व्हिस्की, रम, बिअर चालत नाही, खोक्यातली वाईनही नाही. सिंगापूरहून सुटणाऱ्या फेऱ्यांना ते वय १८ आहे (अमेरिकेतून सुटणाऱ्यांना २१). ही मुभा फक्त चढण्याच्या दिवशी, आणि बाटली हातातल्या बॅगेत असली तरच.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा पोर्टरकडे देतात आणि त्या थेट एक्स-रेतून जातात. आत बाटली दिसली की बॅग केबिनच्या दाराशी येत नाही. ती सिक्युरिटीकडे अडकते आणि तुम्हाला खाली जाऊन, उघडून दाखवून सोडवून आणावी लागते. पहिल्या संध्याकाळी कपडेच नाहीत, अशी वेळ येते. म्हणून हॉटेलवरून निघतानाच दोन्ही बाटल्या काढून पाठीवरच्या बॅगेत घ्या. बॅग पोर्टरच्या हातात गेल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

पैशाचं म्हणाल तर आपल्या केबिनमध्ये प्यायलात तर काही नाही. डायनिंग रूममध्ये किंवा बारमध्ये नेलीत तर बाटलीमागे १५ डॉलर कॉर्केज, म्हणजे आपली बाटली तिथे उघडून पिण्याचं शुल्क. तुम्हाला टेबलावर हवी आहे, म्हणजे दोन बाटल्यांचे ३० डॉलर धरून चला. बोटीवरची बाटली घेतली तर छापील किमतीवर १८ टक्के सेवाशुल्क चढतं, त्यामुळे कॉर्केज देऊनही नुकसान होत नाही. अर्धी उरली तर वेटर बूच लावून केबिन नंबर लिहून ठेवतो आणि दुसऱ्या रात्री टेबलावर आणून देतो. तसं आधी सांगून ठेवा.

---

मिरज_जंक्शन

वरचं सगळं बरोबर. फक्त हा धागा नंतर वाचणाऱ्यांसाठी एक भर: हा नियम रॉयल कॅरिबियनचा आहे, सगळ्या क्रूझचा नाही. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियावर बाहेरची दारू नेता येत नाही, वाईनसुद्धा. एमएससीवरही नाही. सिंगापूरच्या जेंटिंग ड्रीमवरही नाही. प्रिन्सेसवर माणशी एक बाटली केबिनमध्ये विनाशुल्क चालते, त्यावरच्या प्रत्येक बाटलीला कॉर्केज पडतं. नॉर्वेजियनवर संख्येची मर्यादा नाही, पण चढतानाच प्रत्येक बाटलीचं कॉर्केज कापून घेतात. आपल्याकडे एका कंपनीचा अनुभव ऐकून दुसऱ्या कंपनीच्या बोटीवर बाटल्या घेऊन जाणारे फार. निघण्याआधी आठवडाभर स्वतःच्या बुकिंगच्या अटींचं पान पुन्हा उघडून बघा, या अटी अधूनमधून बदलतात.

---

पलूस_द्राक्षबाग

गोव्याचं आधी सांगतो: नको. गोव्यातली दारू तिथल्या करावर विकलेली असते आणि बाटलीवर तसं छापलेलं असतं. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, नाक्यावर उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतात. तुम्हाला विमान मुंबईहून धरायचंय, म्हणजे ती बाटली महाराष्ट्रातून न्यावीच लागणार. दोनतीनशे रुपयांसाठी ही जोखीम कशाला? सांगली-मिरजेतल्या परवानाधारक दुकानातून घ्या, बिल मागून घ्या आणि आपला परमिट जवळ ठेवा. महाराष्ट्रात पिण्या-बाळगण्याला परमिट लागतो हे बरेचजण विसरतात.

आता ‘आपल्या भागातली’ म्हणजे काय, यावर थोडं बोलायला हवं. शासनाचं वाईन धोरण २००१ सालचं. त्यात दोन वाईन पार्क ठरले, एक नाशिकजवळ विंचूरला आणि दुसरा आपल्या पलूसला. पण तासगाव-पलूस-मिरज पट्ट्यात जी द्राक्षं तुम्ही बघता त्यातली बहुतेक थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका अशी खाण्याची किंवा बेदाण्याची. वाईनची जात वेगळी: शिराज, कॅबर्ने, सोविन्यॉं ब्लां, शेनिन ब्लां. मणी बारीक, साल जाड, बिया असलेले. त्यामुळे ‘सांगलीची द्राक्षं’ आणि ‘सांगलीची वाईन’ यांची गल्लत करू नका. दुकानात लेबलची मागची बाजू वाचा. कुठे तयार झाली आणि कुठे भरली हे तिथे लिहिलेलं असतं. जवळची आणि सहज मिळणारी हवी असेल तर शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्राटेली ही वाईन कंपनी आहे. त्यांची ‘सेट्टे’ ही रेड (सांजोवेसे आणि कॅबर्ने) टेबलावर ठेवायला शोभेल अशी. स्पार्कलिंगमध्ये नाशिकच्या सुलाची ब्रूट सगळीकडे मिळते.

आता मुख्य काळजी, उन्हाची. बाटली फुटण्यापेक्षा वाईन तापानेच जास्त वाया जाते. सांगलीहून मुंबई पावणेचारशे किलोमीटर. रात्रीच्या स्लीपरने गेलात तर बाटली बसच्या मागच्या डिकीत टाकू नका. इंजिन मागे असतं आणि त्या कप्प्याचा पत्रा रात्रभर गरम राहतो. तिशीच्या वर तापमान गेलं की आतली वाईन फुगते, बूच वर सरकतं आणि परत थंड झाल्यावर हवा आत ओढली जाते. चवीला मग शिजवलेल्या मनुक्यासारखी लागते. बाटली आपल्याबरोबर वर, एसीत ठेवा.

ताप लागलाय की नाही हे घेतानाच ओळखता येतं. बुचावरचं आवरण अंगठा आणि बोटात धरून हलकं फिरवा. फिरलं तर ठीक. चिकटून बसलं असेल तर आतून वाईन झिरपून वाळलेली असू शकते, ती बाटली परत ठेवा. वरून बोट फिरवल्यावर बूच बाटलीच्या तोंडाच्या वर उचललेलं जाणवलं तरी तेच. दुकानाच्या दारातल्या, उन्हाच्या शेल्फवरची बाटली कधीच घेऊ नका, आतल्या अंधाऱ्या फळीवरची मागा.

आणि शक्य असेल तर रेड स्क्रू कॅपचीच घ्या. प्रवासाला उत्तम, कॉर्कस्क्रूचं लोढणं नाही. कॉर्कस्क्रूला छोटं पातं असतं, ते केबिन बॅगेत सापडलं तर विमानतळावर काढून घेतात. बोटीवर केबिनच्या स्टिवर्डला (खोलीची व्यवस्था बघणाऱ्या कर्मचाऱ्याला) सांगितलं की तो उघडून देतो.

---

विश्रामबाग_सांगली

एवढ्या तपशिलाबद्दल मनापासून आभार. स्क्रू कॅपचा विचारच केला नव्हता. स्पार्कलिंगची एक भीती आहे: विमानाच्या पोटात ती फुटणार नाही ना? आणि सिंगापूर कस्टम्सचं कुणी सांगाल का?

---

कृष्णाकाठ

दाबाने फुटत नाही. सामानाचा कप्पाही केबिनइतकाच दाबाखाली असतो. स्पार्कलिंगच्या आत मुळातच पाच-सहा वातावरणांचा दाब असतो आणि बाटली तो धरूनच बनवलेली असते. उड्डाणात बाटलीबाहेरचा दाब साधारण पाव वातावरणाने कमी होतो, त्याने तिचं काही बिघडत नाही. बाटली फुटते ती आपटण्याने, आणि बहुतेक वेळा मानेशी.

पॅकिंग असं करा. बाटली आधी जाड मोज्यात घाला, मग दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तोंड रबराने घट्ट बांधा. फुटली तरी रेड वाईन आईच्या साडीवर जाणार नाही. त्यावर एक पूर्ण टॉवेल गुंडाळा. मानेपाशी टॉवेल जास्त वळवा, कारण तिथेच पोकळी राहते. बॅगेच्या मधोमध ठेवा, चारी बाजूंनी किमान चार बोटं कपडे हवेत. चाकांच्या बाजूला आणि बॅगेच्या कडेला अजिबात नको, बॅग टाकल्यावर मार तिथेच बसतो. दोन बाटल्या एकमेकींना टेकू देऊ नका. जमलं तर दोन वेगळ्या बॅगांत घाला, एक गेली तरी दुसरी राहते.

---

सह्याद्री_सातारा

सिंगापूरचं मी सांगतो.

भारतातून जाताना प्रत्येकी दोन लिटरपर्यंत करमाफी आहे. एक लिटर स्पिरिट (व्हिस्की, रमसारखी कडक दारू) आणि एक लिटर वाईन, किंवा स्पिरिट न घेता दोन्ही लिटर वाईन, अशा ठरलेल्या जोड्या आहेत. अटी तीन: वय १८ पूर्ण, सिंगापूरबाहेर सलग ४८ तास किंवा जास्त राहिलेले असावे, आणि मलेशियातून येत नसावे. तुमच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, एकट्याच्या नावावरही बसतात. ग्रीन चॅनलमधून (कस्टम्सला काही सांगायचं नसलेल्यांच्या वाटेने) जा.

आता पाचवा प्रश्न, आणि इथे नीट लक्ष द्या. फुकेत किंवा पेनांगला घेतलेली बाटली बोटीवर परत चढताना सिक्युरिटी काढून घेते, पावती देते आणि प्रवास संपताना परत करते. म्हणजे ती बोटीवर पिता येणार नाही. त्यात बोटीचं शेवटचं बंदर मलेशियातलं असेल तर सिंगापूरला उतरताना वरची करमाफीच नाही, कारण तुम्ही मलेशियातून येताय. शेवटचं बंदर कुठलं, हे आधी वेळापत्रकात बघून घ्या.

माफी नसेल तर हिशोब असा. वाईनवर सिंगापूरची ड्यूटी शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे ८८ सिंगापूर डॉलर. १३ टक्क्यांच्या ७५० मिली बाटलीत शुद्ध अल्कोहोल ०.०९७५ लिटर, म्हणजे ड्यूटी ८.५८ डॉलर. त्यावर किंमत अधिक ड्यूटी मिळून ९ टक्के जीएसटी. रक्कम मोठी नाही, पण रेड चॅनलला (सामान जाहीर करण्याच्या वाटेला) जाऊन स्वतः सांगा. न सांगता सापडलात तर दंड होतो, आणि आई-बाबा बरोबर असताना तो मनस्ताप नको.

भारतात परत येताना माणशी दोन लिटर, सगळं धरून. घरून नेलेली आणि न उघडलेली बाटली, बंदरावर घेतलेली, मुंबईच्या आगमन कक्षातल्या ड्यूटी फ्रीमधून उचललेली, सगळी एकाच दोन लिटरांत. दोन वाईन आणि एक लिटरची व्हिस्की एकाच्या नावावर घेतलीत तर अडीच लिटर झाले. चौघांत वाटून घ्या आणि ज्याच्या नावावर बाटली, त्याच्याच बॅगेत ठेवा.

आणखी एक सुचवतो. स्पार्कलिंग कुठलीही चालणार असेल तर ती सिंगापूरच्या चांगी विमानतळावर आगमन कक्षातल्या ड्यूटी फ्रीमध्ये घ्या, वरच्याच दोन लिटरांत बसते. सांगलीहून एकट्या रेडची काळजी घेणं सोपं. पण दोन्ही आपल्याकडच्याच हव्या असतील तर अर्थातच न्या.

---

विश्रामबाग_सांगली

दोन्ही आपल्याकडच्याच नेतो. बाबांना लेबलवर मराठी मुलखातलं गाव वाचायचंय. बंदरावरची खरेदी रद्द. शेवटचं एक: बोटीवर स्पार्कलिंग थंड कशी करायची? केबिनमधला फ्रीज कसा असतो?

---

पलूस_द्राक्षबाग

त्या फ्रीजवर अवलंबून राहू नका. तो छोटा असतो, बऱ्याचदा नुसता गारवा देतो आणि उभी बाटली मावतही नाही. दुपारी स्टिवर्डकडे बर्फाची बादली मागा. निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवा राहते, पाण्याने गारवा काचेला सगळीकडून भिडतो. मानेपर्यंत बुडवलीत तर अर्ध्या तासात तयार होते. कोमट स्पार्कलिंग उघडली तर अर्धी टेबलक्लॉथवर जाते.

डायनिंग रूममध्ये न्यायची असेल तर उलट सोपं: दुपारीच बाटली तिथे नेऊन द्या, रात्रीची वेळ आणि टेबल नंबर सांगा, कॉर्केज केबिनच्या खात्यावर टाकायला सांगा. ते थंड करून ठेवतात. रेड मात्र थंड करू नका म्हणून स्पष्ट सांगा, आणि प्रवासात हललेली असते म्हणून आदल्या रात्रीपासून केबिनमध्ये उभी ठेवा. गाळ खाली बसेल.

आई-बाबांना आमच्याकडून शुभेच्छा.