शब्द हवाय: आर्टिफॅक्ट (तारपा, चौक इ.)

कोरीपाटी: एका प्रदर्शनाच्या पाट्यांचं मराठी करतेय. इंग्रजीत तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य), लग्नचौक (लग्नघरच्या भिंतीवरचं चित्र) सगळ्याला सरसकट 'आर्टिफॅक्ट' म्हटलंय, खाली 'वारली अस्मितेची प्रतीकं'. मी 'पुरावस्तू' लिहून मोकळी झाले. पाट्या लावायला जव्हारकडचा वारली मुलगा होता, तो म्हणाला, ताई पुरा कशाला, बाबा अजून वाजवतो की घरी. आता काय लिहू? पाचपर्यंत द्यायचंय.

आडवाट: बरोबर बोलला पोरगा. पुरावस्तू म्हणजे खापरं, नाणी, उकरून काढलेलं. तारपा म्हणजे वाळका दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. कलावस्तू म्हणा.

मोरपंखी: कलावस्तू म्हटलं की काचेचं कपाट आलं. तारप्याला नाचणारे पाठसुद्धा दाखवत नाहीत हो, वाजवणारा मध्ये आणि फेर त्याच्याभोवती. वस्तू कसली!

आडवाट: मग देव म्हणा. पाटीवर काहीतरी लिहायला लागेलच ना.

गेरूमाती: डहाणूकडे शाळेवर होते तेव्हा एक मुलगी दोन दिवस आली नाही, कारण काय तर 'चौक लिवायचा होता'. मला वाटलं अभ्यासाचं काहीतरी. लग्नघरी गेले तर गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, मध्ये पालघट देवी, आणि सवासिनी काडी चावून कुंचला करून 'लिहितायत'. काढतात म्हणायचं नाही, लिहितात.

शुद्धमती: गोड आहे पण प्रमाण मराठीत चित्र काढतात, लिहीत नाहीत. बोलीतलं पाटीवर नको. आणि ते 'वारली पेंटिंग' तरी आधी बंद करा, चित्रकला शब्द मेलाय का?

मोरपंखी: २०१४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो 'वारली पेंटिंग' याच नावाने, आता कुणाला सांगताय. आणि लिख् म्हणजे मुळात ओरखडणं, चित्राला संस्कृतात आलेख्य म्हणतात. कन्नडात आजही लिहायला आणि चित्राला एकच क्रियापद. बोली कसली, जुनं तेच त्यांनी सांभाळलंय.

शुद्धमती: जिव्या सोमा म्हशांना २०११ ला पद्मश्री मिळाली ती चित्रकार म्हणून, लेखनिक म्हणून नव्हे.

गेरूमाती: ते कागदावर काढत. भिंतीवरचा चौक बायकांचा, त्यांना कुठली पद्मश्री.

आडवाट: तारपा हा ताडावरूनच आला असणार. ड चा र, झालं.

मोरपंखी: तुमचं नेहमीचं! उद्या तारेवरून आणाल, एक तार नाही त्यात.

कोरीपाटी: मंडळी पाच वाजले. वरचा शब्दच गाळला, नुसतं 'तारपा' ठेवलंय. 'अस्मिता' त्या मुलाला वाचून दाखवली तर म्हणाला ही कोण. चौकाखाली 'लिहिणाऱ्या: सवासिनी' घातलंय, वरचे साहेब 'चित्रकार' करतील बहुतेक.

शुद्धमती: करायलाच हवं.

आडवाट: ते राहू द्या, ताडाला वारलीत काय म्हणतात? त्या पोराला विचारा ना, गेला का?