घरी डायलिसिससाठी पाणी शुद्धीकरण आणि निचऱ्याची पाईपलाईन : खारपाणपट्ट्यातील घरासाठी सल्ला हवा

पूर्णाकाठचा :
नमस्कार. माझी आई (वय 61) गेली दोन वर्षे आठवड्यातून तीनदा अमरावतीला हिमोडायलिसिससाठी जाते आणि दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावाहून जाऊन येण्यात तिचा अख्खा दिवस जातो. डॉक्टरांनी आता घरी डायलिसिस करण्यास संमती दिली आहे, मी आणि पत्नी केंद्रात रीतसर प्रशिक्षण घेत आहोत आणि यंत्राची सोय झाली आहे. प्रश्न पाण्याचा आणि निचऱ्याचा आहे. घरच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) 2900 दिसतो. नळाचा 380 च्या आसपास असतो, पण नळ चौथ्या दिवशी येतो. मागची खोली मोरीला लागून आहे, म्हणून यंत्र तिथेच ठेवण्याचा विचार आहे. पाणी आणि निचरा मिळून 1,40,000 रुपयांच्या वर जाता येणार नाही, तेव्हा कृपया त्या मर्यादेत सुचवावे. बोअर घ्यावे की नळ, प्लांट कोणत्या क्षमतेचा घ्यावा आणि सांडपाणी शोषखड्ड्यात सोडावे की सेप्टिक टँकमध्ये, हे मला ठरवायचे आहे.

संत्राबाग_वरुड :
भाऊ, दीड लाख कशाला घालवता? आमच्या स्वयंपाकघरात सात वर्षांपासून साधा आरओ भिंतीला टांगलेला आहे आणि त्याचे पाणी इतके गोड लागते की पाहुणे बाटल्या भरून नेतात. टीडीएस 40 येतो. तसले दोन जोडून घेतले तरी पंचवीस-तीस हजारांत काम होईल.

जुना_टेक्निशियन :
वरुडच्या भाऊंचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला कोणी मनावर घेऊ नये. आपण पितो ते पाणी आतड्यातून गाळून रक्तात जाते. डायलिसिसमध्ये मात्र यंत्र मिनिटाला साधारण 500 मिलिलिटर द्रव वापरते, म्हणजे चार तासांत 120 लिटर पाणी एका पातळ पडद्यापलीकडून रक्ताच्या शेजारून वाहते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालते, डायलिसिसच्या पाण्यात 0.2 च्या वर चालत नाही. घरगुती आरओ तासाला दहा-पंधरा लिटर पाणी देतो आणि ते टाकीत साठवतो, तर यंत्राला तासाला 30 लिटर सलग लागते. शिवाय साठवलेल्या शुद्ध पाण्यात क्लोरीन उरलेले नसल्यामुळे जंतू निवांत वाढतात. चव आणि टीडीएस पेन यांतून ना क्लोरीन कळते ना जंतू.

पूर्णाकाठचा, तुम्हाला मिनिटाला एक लिटर शुद्ध पाणी देणारा छोटा डायलिसिस आरओ पुरेल. शंभरातले चाळीस लिटर शुद्ध मिळते असे धरले तर आत जाणारे पाणी मिनिटाला अडीच लिटर होते. क्लोरीन आणि क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचे संयुग) काढण्यासाठी पाणी कार्बनमध्ये एकूण दहा मिनिटे राहावे असा दंडक आहे, म्हणजे दोन टाक्या मिळून किमान 25 लिटर कार्बन हवा. विक्रेते पैसे वाचवायला एकच लहान टाकी देतात, ती घेऊ नका. दोन टाक्या एकामागे एक लावा आणि पाण्याचा नमुना पहिल्या टाकीनंतर घ्या. पहिली थकल्याचे कळते तेव्हा दुसरी अजून राखण करत असते.

चांदूरचा_अनुभवी :
माझ्या वडिलांसाठी मी 3,20,000 खर्चून शुद्ध पाणी फिरवणारा पूर्ण स्टेनलेस स्टीलचा लूप, दुहेरी आरओ आणि शेवटी डीआय कॉलम (उरलेले क्षार रेझिनच्या मण्यांत धरणारी नळी) बसवला आहे. पाणी पाहून आमचे डॉक्टरसुद्धा थक्क झाले. आईच्या जिवापुढे 1,40,000 ची अट घालणे मला व्यक्तिशः पटत नाही. डीआय तर हवाच, कारण फ्लोराइड पुरते तिथेच संपते.

वर्धेची_सून :
चांदूरच्या दादांनी खर्चाची बाजू सांगितली, मी आमच्या चुकीची बाजू सांगते. आमच्या घरी सासऱ्यांचे डायलिसिस दीड वर्ष घरी झाले. सॉफ्टनरमध्ये, म्हणजे आरओआधी पाण्याचा कठीणपणा काढणाऱ्या टाकीत, मीठ भरण्याचे काम माझ्याकडे होते. एका लग्नाच्या गडबडीत दहा दिवस मिठाच्या टाकीकडे कोणाचे लक्ष गेले नाही आणि रेझिन संपून कठीण पाणी थेट मेम्ब्रेनवर, म्हणजे आरओच्या पडद्यावर, जात राहिले. मेम्ब्रेनवर क्षार बसले, शुद्ध पाण्यात कॅल्शियम उतरले आणि एका सत्रात सासऱ्यांना मळमळ, उलट्या, डोकेदुखी सुरू होऊन रक्तदाब एकदम चढला. आम्ही यंत्र थांबवून केंद्रात फोन केला म्हणून निभावले. तेव्हापासून दिवसाच्या शेवटी, म्हणजे सॉफ्टनर सर्वांत थकलेला असतो त्या वेळी, कठीणपणाची चाचणी करून वहीत लिहायचे हा नियम केला. वही शंभर पानी होती आणि तीच आमची सर्वांत स्वस्त खरेदी ठरली. जाडे मीठच घ्यावे, आयोडीनयुक्त बारीक मीठ नको.

संत्राबाग_वरुड :
माझे म्हणणे खोडले गेले, मान्य आहे. पण आरओ बाहेर टाकतो ते एवढे रिजेक्ट पाणी रोज गटारात घालवणार का? उन्हाळ्यात आमच्याकडे झाडे वाचवायला टँकर लागतो. ते पाणी संत्र्याला द्या.

निवृत्त_शाखा_अभियंता :
संत्र्याला खारे पाणी मानवत नाही, हे वरुडच्या माणसाला मी सांगावे याचे आश्चर्य वाटते. आरओचे रिजेक्ट म्हणजे मूळ पाण्यातले सगळे क्षार निम्म्याहून थोड्या अधिक पाण्यात कोंबलेले. त्यावर सॉफ्टनर धुतलेले मिठाचे पाणीही त्यात सोडले तर परसातली तुळसही टिकणार नाही. रिजेक्ट संडासात ओतायला आणि फरशी पुसायला ठेवावे. यंत्रातून निघालेले वापरलेले द्रव मात्र वेगळे समजावे. ते रुग्णाच्या शरीरातून आलेले असते, तेव्हा ते उघड्या गटारात किंवा बागेत कधीही सोडू नये.

आता निचऱ्याबद्दल लिहितो, कारण मी तीस वर्षे हेच केले आणि या धाग्यावर त्याला कोणी हात लावलेला नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पाणी पीत नाही. पावसाळ्यात ती फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत शोषखड्डा जुलैत उलटा भरतो आणि जमिनीखाली पुरलेल्या पाईपचे सांधे सरकतात. म्हणून शोषखड्ड्याचा विचार सोडावा आणि सेप्टिक टँकला जोडावे. यंत्र निर्जंतुक करताना ब्लीच वापरत असाल तर ते थोडे थोडे आणि भरपूर पाण्याबरोबर जाऊ द्यावे. माझ्या साडूच्या घरी एकदम बादलीभर ब्लीच टँकमध्ये ओतले गेले, टँकमधले जिवाणू मेले आणि महिनाभर त्यांच्या अंगणात कोणी बसू शकले नाही. पाईपला 40 फुटांत एक फूट ढाळ द्यावा. काटकोनी एल्बो टाळून लांब वळणाचे बेंड घ्यावेत आणि प्रत्येक वळणापाशी झाकणाचा टी ठेवावा, कारण त्या द्रवातील साखर आणि बायकार्बोनेटमुळे नळीत बुळबुळीत थर हमखास धरतो आणि काही आठवड्यांत वास येऊ लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्राची नळी निचऱ्याच्या पाईपमध्ये खुपसून सील करू नये. नळीचे तोंड नरसाळ्याच्या काठाच्या वर, नळीच्या व्यासाच्या दुप्पट तरी अंतरावर मोकळ्या हवेत राहावे, नाहीतर पाईप तुंबल्यावर घाण पाणी उलट यंत्राकडे ओढले जाते. निचरा जितका आखूड तितका बरा, म्हणून मोरीलगतची मागची खोली हीच योग्य जागा आहे.

अकोटची_नलिनी :
मागची खोलीच योग्य. आणि कार्बन दोन टाक्यांचाच घ्या.

पोटडायलिसिसवाला :
एवढा खटाटोप करण्यापेक्षा पोटाचे डायलिसिस का करत नाही? त्यात द्रवाच्या पिशव्या तयार येतात, आरओ नको, सॉफ्टनर नको, वीज गेली तरी चालते. मी चार वर्षे करत आहे आणि शेतावरही करतो. हात धुण्याची शिस्त मात्र काटेकोर लागते.

पूर्णाकाठचा :
आईच्या पोटाच्या दोन मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या असल्याने डॉक्टरांनी तो मार्ग नाकारला आहे.

पोटडायलिसिसवाला :
तरी एकदा पुन्हा विचारून पाहा.

गावचा_जलसुरक्षक :
मी आमच्या ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकतो, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पावसाळ्यात साथ आली की वरून आदेश येतो आणि आम्ही मात्रा वाढवतो, आणि कधी कधी, खोटे कशाला बोलू, अंदाजानेच टाकतो. तेव्हा तुमच्या गावच्या जलसुरक्षकाचा नंबर घेऊन ठेवा आणि घरात रुग्ण आहे हे त्याला सांगा. आमची क्लोरीनची ओटी चाचणी पिवळा रंग दाखवते, पण तुम्हाला लागणारी सूक्ष्म पातळी तिच्यात दिसणार नाही. दुसरे म्हणजे पाणी गढूळ आले की घरोघरी तुरटी फिरवतात. डायलिसिसच्या टाकीत कोणालाही तुरटी फिरवू देऊ नका, तुरटीत ॲल्युमिनियम असते.

जुना_टेक्निशियन :
जलसुरक्षक दादांचे आभार, या धाग्यावरचा सर्वांत कामाचा प्रतिसाद हाच आहे. ॲल्युमिनियमची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम इतकी कडक आहे, कारण ते मेंदूत आणि हाडांत साठते. एकूण क्लोरीन 0.1 च्या खाली हवे आणि प्लांट पंधरा मिनिटे चालवून मग, प्रत्येक सत्राआधी, ते तपासायलाच हवे. क्लोरामाइन आरओच्या पडद्यातून सरळ पार होते आणि तांबड्या पेशी फोडते, म्हणून कार्बनला पर्याय नाही.

चांदूरच्या दादांच्या डीआयबद्दल एक सांगणे भाग आहे. 1993 मध्ये शिकागोतील एका डायलिसिस केंद्रात डीआयचे रेझिन संपल्यावर त्याने आधी धरून ठेवलेले फ्लोराइड एकदम पाण्यात सोडले. त्यात बारा रुग्ण आजारी पडले आणि तीन दगावले. ज्या घरात रेझिनच्या मीटरवर सतत नजर ठेवता येत नाही तिथे डीआय न लावता आरओच नीट ठेवावा. कच्च्या पाण्याचा टीडीएस 380 आणि शुद्धचा 12 असेल तर क्षार 97 टक्के अडले असे समजा. हा आकडा रोज लिहा आणि तो 90 च्या खाली गेला तर डायलिसिस न करता फोन करा. जंतू आणि एंडोटॉक्सिन (जंतूंतून सुटणारे विष) महिन्याला तपासावे लागतात. जंतू मिलिलिटरला 100 च्या आत हवेत आणि 50 लाच निर्जंतुकीकरण करायचे. पिण्याच्या पाण्याची नेहमीची तपासणी यासाठी उपयोगाची नाही, नमुना बर्फात ठेवून डायलिसिसचे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतच पाठवा.

चांदूरचा_अनुभवी :
आमच्याकडे तीन वर्षांत काही झालेले नाही. बाकी ज्याची त्याची ऐपत.

अकोलेकर_इन्व्हर्टर :
सगळे पाण्यात गुंतले आहेत, विजेचे कोणी बोलत नाही. पण पाण्याच्याच संदर्भात एक सांगतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी मे महिन्यात अंघोळीलाही सोसत नाही इतके तापते. डायलिसिसचे यंत्र गार पाणी तापवू शकते, तापलेले पाणी गार करू शकत नाही. आमचे यंत्र दुपारी दोन वाजता तापमानाचा अलार्म देऊन बसायचे, आणि गरम पाण्यात मेम्ब्रेन क्षारही जास्त सोडते. शेवटी टाकी खाली सावलीत आणून बारदान गुंडाळले आणि सत्र पहाटे पाचला सुरू केले. अर्थिंगच्या खड्ड्यातही उन्हाळ्यात पाणी घालत जा, कोरड्या काळ्या मातीत अर्थिंग नावापुरतेच उरते.

अकोटची_नलिनी :
बोअर की नळ, हे राहिले. मी म्हणेन बोअर. नळाचा काय भरवसा?

संत्राबाग_वरुड :
मीही बोअरच म्हणेन. स्वतःचे पाणी ते स्वतःचे.

पूर्णाकाठचा :
सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवडे विचार करून आणि केंद्रातील तंत्रज्ञांना घरी आणून ठरवले ते कळवतो. पाणी नळाचेच घेणार आहोत. आठवड्याला तीन सत्रांचे मिळून साधारण 1,150 लिटर लागेल, त्यासाठी 2,000 लिटरची टाकी घराच्या उत्तरेला सावलीत खाली ठेवत आहोत. 2900 टीडीएसचे बोअर रोज मेम्ब्रेनवर घालण्यापेक्षा टीसीएलचे पाणी दोन कार्बन टाक्यांतून नेणे आम्हाला झेपेल. डीआय घेतलेला नाही. अंदाजपत्रक 1,46,000 वर गेले आहे.

मागच्या खोलीचे मात्र जमले नाही. खोली आईला दाखवली तेव्हा ती म्हणाली, “मी चार घंटे भिताडाकडे पायत नाई रायत.” तिला ओसरीत, रस्ता दिसेल अशा जागी बसायचे आहे. यंत्र तिच्यासाठी येते आहे, तेव्हा ते तिथेच ठेवणार. ओसरीचा एक भाग काचेच्या खिडक्या लावून बंद करून घेत आहोत. तिथून सेप्टिक टँकपर्यंत 42 फूट पाईप लागेल. जोते दोन फूट उंच असल्याने तेरा इंचांचा ढाळ मिळतो. पाईप मातीत न पुरता भिंतीवर ब्रॅकेट लावून उघडा नेणार आहे.

निवृत्त_शाखा_अभियंता :
एवढा लांब निचरा मी कधीही मंजूर केला नसता. पण नेणारच असाल तर उघड्या पीव्हीसीला ऊन लागून तो ठिसूळ होतो, त्याला पांढरा रंग द्यावा. झाकणाचे टी दर दहा फुटांवर ठेवावेत आणि प्रत्येक सत्रानंतर बादलीभर गरम पाणी सोडावे.

वर्धेची_सून :
आणि वही ओसरीतच, खिळ्याला दोरीने बांधून ठेवा. आमची दोनदा मुलांच्या दप्तरात गेली होती.

संत्राबाग_वरुड :
रिजेक्ट पाण्याचे काय ठरले ते सांगितले नाही.