मदत हवी आहे: नव्या टी-बीम रेडिओ मॉड्यूलला लॅपटॉपवर कॉम पोर्ट मिळत नाही

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात मानपाड्याला राहतो. आमचा सहा जणांचा गट रविवारी सकाळी येऊरला पक्षी पाहायला जातो. थोडे आत गेले की मोबाइलची रेंज जाते आणि पावसाळ्यात मागे राहिलेली माणसे कुठवर पोहोचली आहेत हे पुढच्यांना कळत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही टी-बीम प्रकारची दोन लोरा मॉड्यूल (मोबाइल नेटवर्कशिवाय दूरवर छोटे निरोप पोहोचवणारे रेडिओ बोर्ड) घेतली, त्यांवर मेशटास्टिक फर्मवेअर (निरोपांची देवाणघेवाण करणारे, बोर्डातच बसवायचे सॉफ्टवेअर) टाकले आणि नेटवर्क नसतानाही एकमेकांना लेखी निरोप पाठवू लागलो. आमच्यातल्या एक काकू सत्तरीच्या आहेत आणि त्यांच्या हातात एक मॉड्यूल असले की सगळेच निर्धास्त असतात. त्यामुळे या पावसाळ्याआधी उरलेल्यांसाठीही सोय करावी म्हणून लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून आणखी तीन मॉड्यूल आणली.

अडचण या नव्या मॉड्यूलची आहे. जुनी दोन मॉड्यूल माझ्या विंडोज १० लॅपटॉपला जोडली की कॉम पोर्ट (मॉड्यूलशी बोलण्यासाठी विंडोज देते तो सीरियल पोर्ट) लगेच दिसतो. नव्यांपैकी दोन जोडल्यावर आवाज येतो, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती ‘अदर डिव्हायसेस’खाली ‘यूएसबी सिंगल सीरियल’ या नावाने, पिवळ्या त्रिकोणासह दिसतात. फ्लॅश करण्याच्या, म्हणजे फर्मवेअर टाकण्याच्या, वेबपानावर पोर्टची यादी रिकामीच राहते. गेल्या वेळी वापरलेला सीपी२१०एक्स या यूएसबी-सीरियल चिपचा ड्रायव्हर मी काढून पुन्हा टाकला, लॅपटॉप दोनदा रीस्टार्ट केला, यूएसबीचे सगळे पोर्ट बदलून पाहिले. फरक पडला नाही. प्रॉपर्टीजमधल्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये हार्डवेअर आयडी पाहिला, तो व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) १ए८६ आणि पीआयडी (उत्पादनाचा क्रमांक) ५५डी४ असा आहे. तिसरे मॉड्यूल मित्राकडच्या केबलने त्याच्याच लॅपटॉपला जोडले, तर त्यावरचा दिवा लागतो, मात्र लॅपटॉपला काहीच जोडल्याचे कळत नाही.

एका ओळखीच्याने झाडिग हे यूएसबी ड्रायव्हर बदलणारे साधन वापरून विनयूएसबी हा विंडोजचा सर्वसाधारण यूएसबी ड्रायव्हर बसवायला सांगितले आहे. चालू असलेली दोन मॉड्यूल त्यामुळे बंद पडतील या भीतीने मी अजून हात लावलेला नाही. ते करावे का? आणि नवा ड्रायव्हर टाकायचा असेल, तर जुना आधी काढावा लागतो का?

प्रतिसाद (नेरूळहून)

झाडिग वापरू नका. एसटीएम३२सारख्या मायक्रोकंट्रोलर चिपला डीएफयू मोडमध्ये (थेट यूएसबीवरून फर्मवेअर घेण्याच्या स्थितीत) फ्लॅश करायचे असते तेव्हा ते उपयोगी पडते. आपल्या मॉड्यूलला सीरियल पोर्ट हवा आहे आणि विनयूएसबी बसवला की विंडोज त्याला कॉम पोर्ट देतच नाही, म्हणजे आज आहे तीच अडचण पक्की होईल.

आपण हार्डवेअर आयडी दिला म्हणून सांगणे सोपे झाले. १ए८६ हा डब्ल्यूसीएच या चिनी चिप कंपनीचा क्रमांक आहे, तर सीपी२१०एक्स चिप सिलिकॉन लॅब्सच्या आणि त्यांचा क्रमांक १०सी४. टी-बीमच्या पूर्वीच्या बोर्डांवर यूएसबीचे सीरियल करणारी चिप सीपी२१०४ असे, नंतरच्या बोर्डांवर सीएच९१०२ येऊ लागली. बोर्ड दिसायला सारखाच, म्हणून हा घोटाळा बऱ्याच जणांचा होतो. यूएसबी सॉकेटजवळच्या लहान चौकोनी चिपचा मोबाइलने झूम करून फोटो काढा, अक्षरे वाचता येतील. डब्ल्यूसीएचच्या संकेतस्थळावरून सीएच३४३ नावाचा ड्रायव्हर घ्या. सीएच९१०२ त्यातच येते. जुना काढू नका. विंडोज हार्डवेअर आयडी पाहून ड्रायव्हर निवडते, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी सुखाने राहतात.

तिसऱ्या मॉड्यूलची केबल आधी बदला. फक्त चार्जिंगच्या मायक्रो यूएसबी केबलमध्ये डेटाच्या दोन तारा नसतात, म्हणून दिवा लागतो पण लॅपटॉपला काही कळत नाही. फ्लॅश करताना जोडणी मध्येच तुटली तर वेग (बॉड रेट) ९२१६०० वरून ११५२०० वर आणा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: अँटेना लावल्याशिवाय मॉड्यूल चालू करू नका, कारण अँटेना नसताना प्रक्षेपण झाले तर रेडिओ चिप खराब होऊ शकते. फर्मवेअर टाकल्यावर रीजन ‘इंडिया’ निवडा, म्हणजे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ. रीजन निवडेपर्यंत मेशटास्टिक प्रक्षेपण करत नाही, तेव्हा निरोप गेला नाही तर आधी तिथेच पाहा.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. फोटोत ‘सीएच९१०२एफ’ ही अक्षरे स्पष्ट आली. आपण सांगितलेला ड्रायव्हर टाकताच दोन्ही मॉड्यूलना कॉम ७ आणि कॉम ८ मिळाले आणि जुनीही पूर्ववत चालत आहेत. एक फ्लॅश झाले. दुसरे साठ टक्क्यांवर अडले होते, ते ११५२०० वर पूर्ण झाले. तिसऱ्यासाठी जुन्या कॅमेऱ्याची केबल सापडली आणि तेही दिसू लागले. त्याची अँटेना मित्राकडे राहिली आहे, ती येईपर्यंत त्याला बॅटरी लावणार नाही.