मदत हवी आहे : व्हिक्टोरियाकालीन स्थानिक वृत्तपत्रातील जाहिरातींवरून व्यवसायाचा काळ कसा ठरवावा?

मंडळी, नमस्कार.

मी इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधील एका बाजारगावात राहतो. येथील स्थानिक इतिहासाच्या एका हौशी गटाने गावच्या मुख्य रस्त्यावर १८५० ते १८८५ या काळात कोणत्या घरात कोणता व्यवसाय चालत होता, याची घरवार नोंद करायला घेतली आहे. जनगणना, कराच्या वह्या आणि नकाशे ही कामे इतरांनी वाटून घेतली आणि माझ्या वाट्याला गावच्या साप्ताहिकातील जाहिराती आल्या. इंग्लंडमध्ये राहणारे, अभिलेखागारांत वावरलेले आणि खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) छपाईची माहिती असलेले बरेच सभासद येथे आहेत, म्हणून हा धागा काढत आहे. माझा प्रश्न असा की, जाहिरात छापून आली म्हणजे तो व्यवसाय त्या तारखेला त्या जागी चालू होता, असे कितपत धरावे? आणि जाहिरात येईनाशी झाली म्हणजे व्यवसाय बंद पडला, असे केव्हा म्हणावे?

आधी साधनाविषयी थोडे सांगतो. हे साप्ताहिक दर शनिवारी निघत असे आणि त्याची पाने चार. पहिले पान वरपासून खालपर्यंत जाहिरातींचे असे, कारण त्या काळी ती सर्वमान्य रीतच होती; लंडनच्या ‘द टाइम्स’नेसुद्धा पहिल्या पानावर बातम्या आणल्या त्या १९६६ साली. चित्रे जवळजवळ नाहीत, ठळक मथळेही बेताचेच. एका रकान्याच्या रुंदीत, बारीक खिळ्यांत, किराणा, कोळसा, गुरांचा लिलाव, आगीचा विमा आणि खोटे दात हे सगळे एकाखाली एक बसवलेले दिसते. संगणकाने वाचलेला मजकूर नेमका येथेच दगा देतो, त्यामुळे नावे शोधून सापडत नाहीत आणि पान डोळ्यांनीच वाचावे लागते.

सुरुवातीच्या तारखांची अडचण मला बरीचशी उलगडली आहे. १८५३ सालापर्यंत ब्रिटनमध्ये प्रत्येक जाहिरातीवर सरकारी कर होता आणि १८३३ पासून तो दीड शिलिंग असा सरसकट होता. लिलावदाराची अर्धा रकाना व्यापणारी जाहिरात असो की स्वयंपाकीण हवी असल्याची दोन ओळींची, कर तेवढाच. साहजिकच लहान दुकानदार या वाटेला फारसा जात नसे. पुढे १८५५ मध्ये वृत्तपत्रावरचे मुद्रांकशुल्क गेले, १८६१ मध्ये कागदावरचा कर गेला, आणि एक पेनीची स्थानिक पत्रे गावोगाव उभी राहिली. आमच्या गावचे पत्रही याच लाटेतले. त्यामुळे एखादा चांभार पत्रात प्रथम १८५६ मध्ये दिसला, तर त्यावरून त्याचे दुकान तेव्हा निघाले असे मी मानत नाही. जाहिरात त्याला तेव्हा परवडू लागली, इतकेच.

खरी पंचाईत शेवटच्या तारखांची आहे. वर्षाच्या किंवा तिमाहीच्या कराराने दिलेली जाहिरात जुळारी (छापखान्यात खिळे जुळवणारा कामगार) एकदा जुळवीत असे आणि तो खिळ्यांचा ठोकळा दोऱ्याने बांधून तसाच ठेवून दर आठवड्याला वापरीत असे. एका कापडवाल्याची ‘हिवाळी माल नुकताच दाखल झाला आहे’ अशी जाहिरात आमच्याकडे मे महिन्यातही सुखेनैव चालू आहे. एका घड्याळजीची जाहिरात त्याच्या मृत्यूच्या बातमीनंतरही पुष्कळ आठवडे छापली गेली आहे, आणि ती मुलाने मुद्दाम चालू ठेवली की छापखान्यात कोणी काढली नाही, हे कळायला मार्ग नाही.

याहून अवघड प्रकरण एका दंतवैद्याचे आहे. त्याची जाहिरात १८६६ पासून १८८१ पर्यंत अधूनमधून सापडते. दर बुधवारी, म्हणजे गावच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत तो बाजारचौकातील एका औषधविक्रेत्याच्या दुकानी भेटेल, असे तीत म्हटले आहे. एरवी त्याचा पत्ता लीड्सचा. दात काढण्याचा दर शिलिंगांत आणि नव्या दंतपंक्तीचा दर गिनींत दिला आहे. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, आणि प्रतिष्ठित व्यावसायिक आपले शुल्क गिनीत सांगत. तेव्हा कवळी करताना हा गृहस्थ वैद्य होता आणि दात उपटताना कारागीर होता, असे म्हणायला हरकत नाही. १८६९ च्या जाहिरातीत नायट्रस ऑक्साइड वायू देऊन वेदनारहित दात काढण्याची ओळ वाढली. हा वायू ब्रिटनमधील दंतवैद्यांनी आदल्याच वर्षी वापरायला घेतला होता, तेव्हा ही बातमी आमच्या आडगावी पोहोचायला फार काळ लागला नाही. १८७९ च्या शरदात त्याच्या नावामागे ‘नोंदणीकृत’ असे विशेषण लागले.

आता या माणसाला रस्त्यावरचा व्यावसायिक म्हणून नोंदवावे का? जनगणनेत तो येथे सापडणारच नाही, कारण जनगणना रविवारी रात्री कोण कोठे मुक्कामाला होते यावर चाले (१८७१ ची २ एप्रिलला झाली) आणि हा बुधवारी येऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाणारा. करवहीत औषधविक्रेत्याचे नाव आहे. म्हणजे तो या रस्त्यावर पंधरा वर्षे लोकांचे दात काढत होता, याला जाहिरातीशिवाय दुसरा पुरावा नाही.

उलट बाजूही सांगतो. गावात निदान तीन सॉलिसिटर (वकील) आणि दोन डॉक्टर होते, हे इतर साधनांवरून नक्की आहे, पण त्यांच्यापैकी एकानेही आपल्या व्यवसायाची जाहिरात दिलेली नाही, कारण तसे करणे शिष्टसंमत नव्हते. जाहिरातींवर विसंबून नकाशा केला, तर गावातली सर्वांत वजनदार घरे रिकामी दिसतील आणि औषधी गोळ्या विकणारे मात्र चौकाचौकांत उभे राहतील. ही पोकळी भरून काढण्याची काही रीत आहे का?

आणखी एक शंका. १८६२ ते १८८० या काळात स्त्रियांच्या टोप्या आणि पोशाख करणाऱ्या एका बाईची जाहिरात आहे. पहिल्या जाहिरातीत तिने दिवंगत पतीच्या आश्रयदात्यांचे आभार मानून त्याचे कापडाचे दुकान आपण पुढे चालवणार असल्याचे कळवले आहे. दोन वर्षांनी कापडाचा उल्लेख गळतो आणि फक्त टोप्या उरतात. पतीचा व्यवसाय बंद झाला, विकला गेला, की त्याच छपराखाली दुसऱ्या कोणाकडे गेला, हे कसे शोधावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : जुळारी

आपला प्रश्न वाचून आनंद झाला. मी काही वर्षे इंग्लंडच्या मिडलंड्स भागातील एका परगण्याच्या अभिलेखागारात काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

सर्वप्रथम आपले पत्र कोठे छापले जात होते ते पाहावे. चार पानांचे पत्र म्हणजे मधोमध दुमडलेला एकच मोठा कागद. पान १ आणि ४ एका बाजूला, २ आणि ३ दुसऱ्या बाजूला. १८५५ नंतरच्या अनेक छोट्या पत्रांचे मालक एक बाजू आधीच छापलेला कागद लंडनहून मागवीत आणि फक्त दुसरी बाजू गावात छापीत. लंडनच्या बाजूवर देशभराच्या बातम्या, कथा आणि मोठ्या औषधवाल्यांच्या जाहिराती असत. आपल्या पत्रात तसे असल्यास त्या दोन पानांवरच्या जाहिराती गावच्या हिशेबातून वगळाव्यात. दोन्ही बाजूंच्या खिळ्यांचे वळण वेगळे असते, थोड्या सरावाने ओळखू येते.

शेवटच्या तारखांसाठी माझा भरवसा तिमाहीच्या ठरलेल्या दिवसांवर आहे. इंग्लंडमध्ये भाडेपट्टे २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या दिवशी सुरू होत आणि संपत. जागा बदलल्याच्या, दुकान विकल्याच्या आणि भागीदारी मोडल्याच्या जाहिराती या तारखांच्या मागेपुढे दाटीने येतात. एखाद्याची जाहिरात मार्चअखेरीस थांबली आणि त्याच सुमारास त्या पत्त्यावर नवे नाव आले, तर मी ती तारीख खरी मानतो. जाहिरात नोव्हेंबरच्या मध्यावर अकस्मात थांबली, तर बहुधा पैसे थकले असावेत एवढेच म्हणतो. भागीदारी मोडल्याची नोंद ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रातही येई आणि त्याचे जुने अंक संगणकावर फुकट पाहता येतात.

वकिलांना जाहिरातींतच शोधावे, पण दुसऱ्यांच्या. आपल्याकडच्या दैनिकांत आजही वकिलाच्या नावाने ‘जाहीर नोटीस’ येते, तोच हा प्रकार आहे. १८५९ च्या एका कायद्याने मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांना असे संरक्षण दिले की, येणेकऱ्यांनी आपले दावे अमुक तारखेपर्यंत कळवावेत अशी रीतसर नोटीस देऊन मालमत्ता वाटली, तर पुढे उगवलेल्या दाव्याची जबाबदारी त्यांच्यावर राहत नाही. या नोटिशीत मृताचे नाव, धंदा, राहण्याची जागा, बहुधा मृत्यूची तारीख आणि खाली सॉलिसिटरचे नाव-पत्ता असतो. आपल्या घड्याळजीचा गुंता अशाच नोटिशीने सुटण्याचा संभव आहे. जमीन आणि घरांच्या लिलावाच्या जाहिरातींतही तपशील कोणाकडे मिळेल ते सांगताना वकिलाचे नाव येते.

दंतवैद्याविषयी. १८७८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणी सुरू झाली आणि १ ऑगस्ट १८७९ नंतर नोंदणीवाचून स्वतःला दंतवैद्य म्हणवणे दंडनीय ठरले, म्हणून ते विशेषण. त्यावरून मात्र तो शिकलेला होता असे समजू नये. पहिल्या नोंदवहीतील पाच हजारांहून अधिक नावांपैकी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा परवाना असलेले पाचशेसुद्धा नव्हते. बाकीचे आधीपासून धंदा करत होते, या आधारावर आत आले आणि त्यांत औषधविक्रेते पुष्कळ होते. आपल्या चौकातील औषधविक्रेत्याचे नावही त्या वहीत पाहावे. ते असल्यास उरलेले सहा दिवस दात कोण काढत होते, याचेही उत्तर मिळेल. पाहुण्या दंतवैद्याला मी अवश्य नोंदवीन, पण ‘बुधवारी, अमुक यांच्या जागेत’ अशा शेऱ्यासह.

प्रतिसाद : उत्तरवाट

वरील प्रतिसादात एक भर घालतो. पेटंट औषधांच्या (म्हणजे ठरावीक नावाने विकल्या जाणाऱ्या तयार औषधांच्या) जाहिरातींच्या तळाशी स्थानिक विक्रेत्यांची यादी अनेकदा असते. जाहिरात बाहेरून आलेली असली तरी ती यादी त्या भागापुरती जुळवलेली असते, त्यामुळे लंडनची पाने सरसकट टाकून देऊ नयेत. मात्र या याद्या वेळच्या वेळी सुधारल्या जात नसत, म्हणून नाव असल्याचा उपयोग करावा, पण ते पुढे किती काळ राहिले यावर विसंबू नये. विमा कंपन्यांच्या जाहिरातींतही असेच स्थानिक प्रतिनिधी सापडतात. हे प्रतिनिधी बहुधा कापडवाले, पुस्तकविक्रेते किंवा वकीलच असत.

टोप्यांच्या बाईंविषयी मला वेगळे वाटते. त्यांची जाहिरात आपल्याकडची सर्वांत विश्वासार्ह असावी. या व्यवसायातल्या स्त्रिया दर वसंतात आणि शरदात ‘लंडनहून नवे नमुने घेऊन परतलो आहोत’ असे कळवीत, आणि मोसम बदलला की मजकूर नव्याने जुळवणे भाग असे. कापडवाल्याचा हिवाळी माल मेपर्यंत चालतो. गेल्या वर्षीची टोपी चालत नाही. मजकूर दर मोसमाला बदललेला असेल, तर बाई त्या त्या वेळी दुकानात होत्या असे बेलाशक धरावे. पतीच्या कापडधंद्यासाठी १८६४ च्या मागेपुढे शिल्लक मालाच्या विक्रीची किंवा लिलावाची जाहिरात शोधावी.

धागालेखक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कागदाच्या बाजूंचे पाहिले : पान २ आणि ३ वरचे खिळे खरोखरच वेगळ्या वळणाचे आहेत आणि गावची एकही बातमी त्यांवर नाही. विक्रेत्यांची यादी असलेली औषधांची जाहिरात मात्र पान ४ वर आहे, म्हणजे ती गावातच जुळवलेली दिसते. बाईंचा मजकूर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो. १८६४ च्या मार्चमध्ये शिल्लक कापडाच्या लिलावाची जाहिरातही सापडली, पण तीत मालकाचे नाव नाही, फक्त ‘धंदा सोडणाऱ्या एका कुटुंबाच्या वतीने’ असे म्हटले आहे आणि खाली लिलावदाराचे नाव आहे. १८४५ पासून लिलावदारांना दरवर्षी दहा पौंड भरून परवाना घ्यावा लागे, हे मला ठाऊक आहे. परंतु त्यांच्या विक्रीच्या वह्या अभिलेखागारांत सहसा कोणत्या शीर्षकाखाली ठेवलेल्या असतात, हे ‘जुळारी’ किंवा अन्य कोणी सांगू शकेल का?