‘जुन्या गाड्या लोखंडी होत्या’ : पुन्हा तेच?

निवांत_कोथरूड: काल इथे एकाने लिहिलं, "आमच्या पद्मिनीला ट्रक घासला तर ट्रकचा रंग जायचा. आताच्या गाड्या म्हणजे बिस्किटाचे पुडे." त्यावर बदामांचा पाऊस. राहवलं नाही. अहो, पत्रा चेपतो कारण तो चेपावा म्हणूनच तसा केलाय! पुढचा-मागचा भाग चेपून धक्का खातो, माणसं बसतात तो मधला सांगाडा शाबूत राहतो. बेला बारेन्यी या इंजिनिअरची ही कल्पना १९५९ ला मर्सिडीजने गाडीत आणली. पद्मिनी चेपायची नाही, तर धक्का जायचा कुठे? तुमच्या बरगड्यांत.

पद्मिनीवाला: तो ‘एक’ मीच. ८६ ची गाडी, वीस वर्षं बोरघाट चढलो-उतरलो, खरचटलं नाही. पुस्तकं ठेवा तुमच्यापाशी.

निवांत_कोथरूड: आपटला नाहीत म्हणून खरचटलं नाही, काका. ते नशीब. त्याचं श्रेय पत्र्याला कशाला?

चाकण_दुसरी_शिफ्ट: जुन्यांनाच कशाला धुताय? २०१४ ला ग्लोबल एनकॅपने (गाड्या आपटून त्यांची सुरक्षा तपासणारी संस्था) आपल्या पाच गाड्या आपटल्या, पाचही शून्य स्टार. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची व्हायला जुलै २०१९ उजाडलं. आणि आता ती आहे तर लोक काय करतात? पट्टा नसलेली नुसती क्लिप मिळते, ती बेल्टच्या जागी खोचली की बेल्ट लावा सांगणारी टिंग-टिंग बंद. आमच्या साडूच्या गाडीत आहे, वर गणपतीचं चित्र. बेल्ट नसताना एअरबॅग उघडली तर तीच थोबाड फोडते हो!

सदाशिव_सायलेंट: बेल्टवर प्रवचनं देणारे सगळे दुचाकीवर बोडक्या डोक्याने फिरतात.

चाकण_दुसरी_शिफ्ट: मी घालतो हेल्मेट. तुम्ही?

सदाशिव_सायलेंट: लक्ष्मी रोडला पंधराच्या स्पीडने जाताना? मान आखडते. २०१९ ला सक्ती झाली तेव्हाही विरोधच केला होता. आधी खड्डे बुजवा.

वारज्याची_ताई: खड्डे बुजेपर्यंत डोकं फ्रीजमध्ये ठेवणार का? माझा भाऊ सिंहगड रोडला वाळूवर घसरला. स्पीड वीससुद्धा नव्हता. हेल्मेटला बोट जाईल एवढी चीर, भाऊ घरी चालत आला. मान आखडते म्हणे!

सदाशिव_सायलेंट: ताई, वैयक्तिक होऊ नका.

वारज्याची_ताई: भाऊ माझा आहे, वैयक्तिकच होणार.

कात्रज_बोगदा: नवले पुलाच्या उतारावर मागून ब्रेक फेल झालेला कंटेनर आला की बेल्ट काय नि हेल्मेट काय.

निवांत_कोथरूड: धागा गाड्यांचा होता! व्होल्वोच्या नील्स बोलिनने १९५९ ला तीन टोकांचा बेल्ट काढला. कंपनीने पेटंट सगळ्यांना वापरू दिलं. फुकट मिळालं म्हणून किंमत नाही आपल्याला.

पद्मिनीवाला: बरं बाबा, जिंकलात. नातवाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायचो, ते चुकलंच. पण त्या ट्रकचा रंग गेला होता, हे खरं आहे.